बेंगळुरात महिनाभर राहायचे आहे : खिशाला परवडेल असे आणि टिपच्या संकोचाविना कोठे जेवावे?

निपाणीकर (प्रश्न)

कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी मला आणि माझ्या दोन सहकाऱ्यांना पुढील महिनाभर बेंगळुरात राहावे लागणार आहे. निवासाची सोय जयनगरात झाली असली तरी तेथे स्वयंपाकाची सोय नाही, आणि भोजनभत्ता आमच्या निपाणी-चिकोडीच्या हिशेबाने ठरवलेला असल्यामुळे तिन्ही त्रिकाळ बाहेर जेवून तो पुरेल असे वाटत नाही.

दरांइतकीच दुसरीही एक अडचण आहे. आपल्याकडे खानावळीत जेवून उठले की गल्ल्यावर पैसे द्यायचे, बडीशेप तोंडात टाकायची आणि बाहेर पडायचे, एवढाच व्यवहार असतो. मागील खेपेस बेंगळुरातील एका वातानुकूलित हॉटेलात बिलामध्ये सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला होता, आणि तरीही उरलेले पैसे परत आणल्यावर वेटर टेबलाशी तसाच उभा राहिला. सहकाऱ्यांसमोर नोटा उचलून घेणे कद्रूपणाचे वाटले म्हणून त्या तशाच ठेवल्या, आणि एका जेवणात दोनदा टिप दिल्यासारखे झाले. पोटभर, स्वच्छ आणि शक्यतो शाकाहारी जेवण जेथे असा प्रसंगच येत नाही, अशी ठिकाणे व ती ओळखण्याची काही रीत आपणांपैकी तेथे राहणाऱ्यांनी सांगावी, ही विनंती.

शहापूरची माहेरवाशीण

नमस्कार. माझे माहेर बेळगावच्या शहापुरात आहे आणि बरीच वर्षे मी मल्लेश्वरम येथे राहते. हॉटेलांच्या नावांची यादी देण्याऐवजी मी एकच खूण सांगेन : जेथे पैसे आधी आणि पदार्थ नंतर, तेथे टिपचा प्रश्न उद्भवत नाही. बेंगळुरातील दर्शिनी याच तत्त्वावर चालतात. गल्ल्यावर काय हवे ते सांगून पैसे भरायचे, मिळालेली चिठ्ठी आतल्या खिडकीवर द्यायची, ताटली स्वतः उचलायची, उंच टेबलाशी उभे राहून खायचे आणि रिकामी ताटली टबमध्ये ठेवून निघायचे. ही पद्धत 1980 च्या दशकात रुजली आणि आता शहराच्या जवळजवळ प्रत्येक भागात आहे. जयनगर आणि बसवनगुडी हा तर तिचा बालेकिल्लाच म्हणता येईल. वाढणाऱ्यांचा पगार आणि बसण्याची जागा हे दोन्ही खर्च वाचत असल्यामुळे तेथील इडली-वडा, खाराभात, बिसीबेळेभात किंवा डोसा हे टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलांपेक्षा स्वस्त पडतात, आणि गिऱ्हाईक सतत बदलत असल्याने पदार्थ सहसा ताजे व गरम असतात. उभे राहून खाण्याची सवय नसेल तर पहिले काही दिवस अवघड वाटेल, आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर ही सोय फारशी उपयोगाची नाही, हे मान्य करावे लागेल.

जुन्या नावाजलेल्या ठिकाणांपैकी शंकरपुरम येथील ब्राह्मिन्स कॉफी बार 1965 पासून चालू आहे. तेथे मोजकेच पदार्थ मिळतात. सांबार मिळत नाही, पण चटणी हवी तितकी घालतात, आणि खाणारे पदपथावर उभे असतात. मल्लेश्वरमच्या वीणा स्टोअर्समध्येही तीच रीत आहे. संध्याकाळी नॅशनल कॉलेज मेट्रो स्थानकापासून चालत सज्जन राव चौकाकडे गेलात तर व्ही. व्ही. पुरमची खाऊगल्ली लागते. तेथे प्रत्येक गाड्यावर पदार्थागणिक पैसे द्यायचे असल्याने तिघांनी वाटून खाल्ले तर थोड्या पैशांत पुष्कळ चाखता येते. कॉफीसुद्धा ‘बाय टू’, म्हणजे एकच कॉफी दोघांत वाटून, मागण्यात तेथे कोणालाही कमीपणा वाटत नाही, ही त्या शहराची मला फार आवडलेली गोष्ट आहे.

दुपारच्या जेवणाबाबत मात्र थोडे सावध असावे. अनेक उडुपी हॉटेलांत एकाच छताखाली तीन व्यवस्था असतात : खाली उभे राहून खाण्याचा भाग, त्यामागे वेटर वाढतात तो भाग, आणि वरच्या मजल्यावर वातानुकूलित दालन. स्वयंपाकघर एकच, सांबारही एकच. परंतु दरपत्रके वेगवेगळी असतात आणि प्रत्येक पायरीगणिक दर वाढत जातात. आपणांस आलेला अनुभव बहुधा वरच्या मजल्याचा असावा. भाकरीची आठवण आली तर मॅजेस्टिक बसस्थानकाजवळच्या गांधीनगर भागात उत्तर कर्नाटकी खानावळी आहेत. तेथे ज्वारीची भाकरी, भरले वांगे, कारळ्याची चटणी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते, आणि पैसे आपल्याकडच्याप्रमाणेच उठल्यावर गल्ल्यावर द्यायचे असतात.

अगदीच काटकसर करायची झाल्यास इंदिरा कॅन्टीन आहे. 16 ऑगस्ट 2017 रोजी बेंगळुरात ही योजना सुरू झाली तेव्हा नाश्त्याला 5 रुपये आणि जेवणाला 10 रुपये असा दर ठरवण्यात आला. पदार्थ ठरलेले असतात आणि पुरवठा मर्यादित असतो, त्यामुळे लवकर जावे लागते. नोकरदार माणसाने तेथे जाऊ नये असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. रांगेत रिक्षाचालकांबरोबर टाय लावलेली मुलेही उभी असतात.

खानापूर जंगलपट्टा

वरील माहिती योग्यच आहे, परंतु टिपबद्दल दुसऱ्या बाजूनेही काही सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या भागातील अनेक मुले हॉटेलांत काम करण्यासाठी गोव्याला आणि बेंगळुराला जातात. मीही तरुणपणी बेंगळुरात टेबले सांभाळली आहेत. साध्या शाकाहारी हॉटेलात बिलाच्या अमुक टक्के टिप मिळावी अशी अपेक्षा आम्ही कधीच ठेवत नसू. बडीशेपेच्या बशीत उरलेली चिल्लर राहिली तर ती आमची, आणि नाही राहिली तरी गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी तितक्याच वेळा सांबार मिळत असे. वेटर टेबलाशी उभा राहतो तो कित्येकदा पैशांसाठी नव्हे, तर पुढच्या गिऱ्हाइकासाठी टेबल मोकळे व्हावे म्हणून. पाहुण्याला ते तगाद्यासारखे वाटते, हे मला फार उशिरा कळले.

तिघे जण एकाच ठिकाणी महिनाभर जेवणार असाल तर रोज विचार करत बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा आपल्या नेहमीच्या वेटरच्या हातात रोख वीस-तीस रुपये द्यावेत. बिलात छापलेला सर्व्हिस चार्ज त्याच्यापर्यंत किती पोहोचतो हे सर्वस्वी मालकावर अवलंबून असते. हातात दिलेली नोट मात्र त्याचीच असते, निदान जेथे सगळी टिप एका डब्यात जमा करून वाटण्याची पद्धत नसते तेथे. शिवाय महिनाभर येणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला आज भाजी कोणती चांगली झाली आहे हे न विचारताच सांगितले जाते, आणि परगावी त्याची किंमत काही कमी नसते.

निपाणीकर

दोघांचेही आभार. दर्शिनीची रीत पक्की लक्षात आली, आणि वेटरविषयीचा माझा समजही थोडा सैल झाला. तरीही एक शंका उरते. कार्यालयातील मंडळींबरोबर कोरमंगल किंवा इंदिरानगरसारख्या भागातील मोठ्या रेस्टॉरंटमध्ये जाणे टाळता येणार नाही. तेथे बिलात आधीच लावलेला सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो काय? नकार दिला तर वाद होईल अशी भीती वाटते.

टिळकवाडी ग्राहक

द्यावाच लागतो असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल किंवा रेस्टॉरंटला सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही, आणि तो न दिल्याबद्दल ग्राहकाला प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. रेस्टॉरंटचालकांच्या संघटनांनी या सूचनांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. 28 मार्च 2025 रोजी एकसदस्यीय न्यायपीठाने त्यांच्या याचिका फेटाळून सूचना कायम ठेवल्या. त्याविरुद्ध संघटनांनी अपील केले आहे, त्यामुळे काही ठिकाणी मॅनेजर प्रकरण न्यायालयात असल्याचे सांगून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न करतील.

जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज यांची गल्लत मात्र करू नये. जीएसटी हा कर आहे आणि तो द्यावाच लागतो. सर्वसाधारण रेस्टॉरंटमध्ये तो 5 टक्के असतो. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हेच, तो आस्थापनेने स्वतःसाठी लावलेला आकार आहे, आणि बिलात त्याच्यावरही जीएसटी चढतो. समजा जेवण 600 रुपयांचे झाले आणि 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला, तर 660 वर 33 रुपये कर मिळून बिल 693 रुपये होते. तो काढून टाकला तर 630 रुपयेच होते. म्हणजे फरक 60 चा नसून 63 रुपयांचा आहे.

वाद टाळायचा असेल तर बिल येण्याची वाट पाहू नये. दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत सर्व्हिस चार्जचा उल्लेख असतो. तो दिसला तर पदार्थ सांगतानाच, सहकारी गप्पांत असताना, तो लावू नये असे हलक्या आवाजात सांगावे. बिलात तरीही आला तर टेबलावर बोलण्याऐवजी उठून गल्ल्यावर जावे आणि बिल बदलून मागावे. आपल्या सीमाभागातील माणसाला कामापुरते कन्नड येतेच, त्याचा येथे चांगला उपयोग होतो. ‘सर्व्हिस चार्ज तेगेदुबिडि’ (सर्व्हिस चार्ज काढून टाका) एवढे शांतपणे म्हटले की बहुतेक ठिकाणी दुसरे बिल निघते. न निघाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, त्यासाठी बिलाचे छायाचित्र काढून ठेवावे. पैसे शक्यतो यूपीआयने नेमके द्यावेत, म्हणजे उरलेल्या नोटांची बशी टेबलावर परत येतच नाही. घरपोच जेवण मागवताना मात्र ॲपवर टिपची रक्कम आधीच निवडलेली नाही ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.

शहापूरची माहेरवाशीण

एक राहिले. जयनगरात राहणार असाल तर गांधी बझारातील विद्यार्थी भवनात, जे 1943 पासून चालू आहे, डोसा खाण्याचा मोह होणारच. तेथे वेटर टेबलाशी येतात, त्यामुळे खानापूरच्या बंधूंनी सांगितलेली रीत तेथे पाळावी. शुक्रवारी ते बंद असते, आणि रविवारी सकाळी बाहेर उभे राहून नावाची वाट पाहावी लागते. मधल्या वारी दुपारी गेलात तर लवकर जागा मिळते.