जुनी सेडिया, ट्रॅक डे आणि सस्पेन्शन: आधी पैसे कुठे घालू?

जुळे_सोलापूर_सेडिया

नमस्कार मंडळी. वडिलांनी नवी घेतलेली २००८ ची सेडिया (मित्सुबिशीची सेडान) माझ्याकडे आहे. १ लाख १४ हजार किलोमीटर झालेत. दोन लिटरचं इंजिन खणखणीत आहे, त्याला हात लावायचा नाही. प्रश्न सस्पेन्शनचा आहे.

गेल्या महिन्यात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला पहिला ट्रॅक डे (आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) केला. ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, वीस-वीस मिनिटांची तीन सेशन. गाडी इथून चालवत नेली आणि चालवतच परत आणली. पुढेही तसंच करणार, ट्रेलरचा खर्च मला झेपणारा नाही. त्यामुळं जे काही करायचं ते विजापूर रोडच्या स्पीड ब्रेकरवरही निभलं पाहिजे.

तिथं काय झालं ते सांगतो. वेगातल्या उजव्या वळणावर नाक बाहेर बाहेर जातं. स्टिअरिंग आणखी फिरवलं तर टायर नुसता ओरडतो, गाडी आत येत नाही. शेवटच्या सेशननंतर पुढच्या डाव्या टायरवर हात फिरवला, तर बाहेरची कड खरवडून रबराच्या बारीक वळ्या झालेल्या आणि आतली चार बोटं अगदी कोरी. दुसरं म्हणजे, सरळ पट्ट्यावर जोरात ब्रेक मारला की गाडी आधी डावीकडं आणि मग उजवीकडं डोकावते. चाक ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर (कर्बवर) चढलं की खालून एकच ‘टक्’ येतो.

इथला एक गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंगची दीड वेटोळी कापून गाडी खाली बसवून देतो, दोन तासांचं काम. पुण्याचा मित्र म्हणतो कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) घाल. बजेट ६० हजार, टायर धरून. काय करू? ही गाडी मला विकायची नाही, वडील शेवटपर्यंत हीच चालवत होते.

घाटवळण_पुणे

कॉइलओव्हर चांगलेच, उंची आणि डॅम्पिंग दोन्ही हातात येतं. पण टायर धरून ६० हजारात बसेल तो सेट घेऊ नकोस. मी स्वस्तातला घातला होता, दुसऱ्या पावसाळ्यात उंचीच्या आट्या गंजून जाम झाल्या आणि एक सील गळायला लागलं. स्प्रिंग मात्र अजिबात कापू नकोस.

टॉवेलमाग

माझा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मागाच्या धडधडाटात लहानाचा मोठा झालो, त्यामुळं कुठं रबर मेलंय ते आवाजावरून लक्षात येतं. तुझा ‘टक्’ आणि ब्रेकला डोकावणं ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. बहुतेक पुढच्या लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) मागचं मोठं रबरी बुश फाटलंय. ब्रेक लावला की आर्म मागं सरकतो, चाकाचा टो (पुढून आत-बाहेर वळलेला कोन) बदलतो, गाडी दिशा सोडते. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घे, आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये पहार घालून हलकेच उचल. रबराची चीर उघडलेली दिसेल. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉड, स्ट्रटचं (स्प्रिंग-शॉकअपच्या खांबाचं) वरचं माउंट हेही त्याच वेळी हलवून बघ.

आता नीट वाच, इथं बहुतेक मिस्त्री चुकतात. या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीत घट्ट होतं. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि नवं बुश लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानं नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, चार वेळा दाबून सोडायची आणि मग खड्ड्यात उतरून टॉर्क पान्यानं आवळायचे. मिस्त्रीच्या शेजारी स्वतः उभा राहा. भांडण झालं तरी चालेल.

कापलेल्या स्प्रिंगबद्दल. सहा चालती वेटोळी असतील आणि दीड कापली, तर स्प्रिंग ३३ टक्के कडक होते. थकलेल्या शॉकअपला ती आवरत नाही. त्यात चाकाला वर-खाली व्हायला जागाच कमी उरते, म्हणजे ऐन वळणात स्ट्रट बम्प स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो, पुढचा टायर पकड सोडतो आणि नाक आणखीच बाहेर जातं. शिवाय पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहेत. गाडी फार खाली बसवली की लोअर आर्म चाकाच्या बाजूला वर चढतो आणि रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. दिसायला बसकी, पण वळणावर उलट जास्त कलण्याच्या तयारीत. दोन तासांत गाडीचं वाटोळं!

तुझ्या टायरची कड सांगते की उणे कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) कमी आहे. स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टपैकी एकाच्या जागी एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की हा कल बदलतो) घाल आणि पुढं दोन्हीकडं उणे दीड अंशाच्या आसपास ठेव. आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. टो शून्य. अलाइनमेंटवाला पडद्यावर हिरवं आलं की गाडी सोडतो, तू आकडे छापून माग.

मागं मल्टिलिंक आहे, म्हणजे चाक अनेक आर्मनी धरलेलं, तिथं पॉलियुरेथेन बुश नको. ते आर्म एकाहून जास्त दिशांना वळतात, कडक बुशमध्ये अडकतात. चारही शॉकअप नवे, रबरं कंपनीच्या मापाची. मागचा स्टॅबिलायझर (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) जाड करायचा मोह होईल. १८ मिलिमीटरचा २० केला तरी तो ५२ टक्के कडक होतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. नाक आत यायला त्यानं मदत होते, पण आधी हे सगळं करून एक ट्रॅक डे कर.

जुळे_सोलापूर_सेडिया

अण्णा, तीन आठवड्यांनी लिहितोय, पार्ट शोधण्यात वेळ गेला. पहार लावताच डाव्या आर्मचं बुश अर्धं उघडलं, आत सुकलेली काळी माती. उजवं बरं होतं, तरी दोन्ही बदलली. डावा पुढचा स्ट्रट तेलानं ओला होता. बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले, मी खड्ड्यातच होतो. डाव्या चाकाचा कॅम्बर आधी अधिक ०.३ निघाला! आता डावा उणे १.५, उजवा उणे १.४. टायरवर कोड होता २३१६, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडं ४३-४४ डिग्रीत इतके उन्हाळे काढलेलं रबर नखानं दाबलं तरी दबत नव्हतं. नवे घातले. ब्रेक मारला की गाडी आता सरळ थांबते. वडील असते तर त्यांना पहिल्यांदा मागं बसवून नेलं असतं.

पुढच्या महिन्यात परत इरुंगट्टुकोट्टाई. हवा किती ठेवू? ब्रेक ऑइल बदलू का?

टॉवेलमाग

ऑइल नक्की बदल. सीलबंद डब्यातलं डॉट ४ घे. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषला की तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि मग पेडल पोकळ लागतं. हवा सकाळी थंड टायरमध्ये ३२ पाउंड ठेव. प्रत्येक सेशनवरून पिटमध्ये आलास की लगेच गेज लाव आणि आकडा वहीत लिही. पाच-सहा पाउंड वाढलेली दिसेल, तेवढी गरम टायरमधूनच सोड. चारही टायरच्या कडा बघ, खडूनं खांद्यावर रेघ मार, किती पुसली गेली ते कळेल. आणि संध्याकाळी निघण्याआधी टायर थंड झाले की हवा परत ३२ वर आण. सोडलेल्या हवेवर सोलापूरपर्यंत येऊ नकोस.