मदत हवी आहे : एकट्या क्लाउनफिशला जोडीदार आणला आणि मारामारी सुरू झाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतीच वाचत असते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण घरात रविवारपासून युद्ध पेटलंय.

डोंबिवलीत राहते. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे, साधारण १५० लिटर, चार वर्षं जुनी. लाइव्ह रॉक, स्किमर, दोन पॉवरहेड (टाकीत पाणी फिरवणारे पंप), लहान चिलर. पाण्याची घनता १.०२५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. एक गोबी आणि एक क्लीनर कोळंबी. अ‍ॅनिमोन (क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्यानं राहतात तो फुलासारखा समुद्री प्राणी) नाही.

सुरुवातीपासून ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी होती. थोरली मादी, जवळजवळ तीन इंच. धाकटा नर, तिच्याहून इंचभर लहान. गेल्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो आणि इथे रात्रभर वीज नव्हती. परत आलो तर थोरली वाळूवर आडवी आणि कोळंबी तिच्यावर बसून जेवत होती. धाकटा वर पाण्याच्या कडेला धापा टाकत होता. तो वाचला.

त्यानंतर आठ महिने एकटाच. आई रोज म्हणायची, "बिचाऱ्यासाठी एखादं स्थळ बघ की." शेवटी रविवारी दुकानात गेले. माझा हिशोब सरळ होता: धाकटा नर, त्याला मादी हवी, मादी मोठी असते, म्हणजे मोठा मासा आणायचा. दुकानदारानं त्याच्या टाकीतला सगळ्यात मोठा ऑसेलॅरिस जाळीत धरला. "मॅडम, निमो आहे तो, पंधरा मिनिटांत जमेल."

पंधरा मिनिटांत धाकट्यानं पंख ताणले, आडवा येऊन दोन धडका दिल्या, आणि मग दोघांनी एकमेकांचे जबडे धरले. तसेच तोंडात तोंड अडकवून भोवऱ्यासारखे फिरत राहिले. तासाभरात नव्याची शेपटी जुन्या कंगव्यासारखी झाली. आता त्याला भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या टोपलीत घालून टाकीतच तरंगत ठेवलाय. धाकटा दिवसभर बाहेरून टोपलीला टोचे मारतो.

किती दिवस ठेवू असा? सवय होईल का? की परत करू? अ‍ॅनिमोन आणला तर भांडण मिटतं असं एका ओळखीच्यांनी सांगितलं, ते खरं आहे का? दुकानात मरून या दुसऱ्या जातीचा एक सुंदर क्लाउनही होता, त्याचं जमेल का?

खारट_बादली

ताई, आधी एक सांगा. या आठ महिन्यांत तुमचा धाकटा वाढलाय का?

धागाकर्ती

आत्ता काचेला पट्टी लावून बघितलं. अडीच इंचाच्या वर आहे! आणि दोन्ही मासे जवळजवळ सारखेच दिसतायत. हे आधी लक्षातच आलं नव्हतं.

खारट_बादली

मग स्थळच चुकलंय. तुमचा धाकटा आता धाकटा राहिलेला नाही आणि बहुधा 'तो'ही राहिलेला नाही.

क्लाउनफिशमध्ये जन्मतः मादी कोणीच नसते. गटातला सगळ्यात मोठा आणि वरचढ मासा मादी होतो, दुसऱ्या नंबरचा नर, बाकीची लहान मंडळी नुसतीच वाट बघत राहतात. मादी मेली की नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा नर. वागणं काही दिवसांतच बदलतं, शरीर बदलायला काही आठवडे ते महिने लागतात. आणि ही वाट एकेरी आहे. एकदा मादी झाली की पुन्हा नर होत नाही.

वाढीचं विचारलं ते यासाठीच. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत पर्क्युला क्लाउनचा (ऑसेलॅरिसच्या जवळची जात) अभ्यास केला होता, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. खालच्या नंबरचा मासा आपली वाढ आवरून धरतो, वरच्याहून ठरावीक अंतरानं लहानच राहतो. वरच्याच्या मापाला आला तर हाकलला जाण्याची भीती. समुद्रात अ‍ॅनिमोनमधून हाकललं म्हणजे संपलंच. वरचा गेला की हा आवर सुटतो. तुमच्या पट्टीवर तेच दिसलं.

आता दुकानातला मासा बघा. त्या टाकीतला सगळ्यात मोठा, म्हणजे तिथला दादा. तोही बहुधा मादी, नाहीतर व्हायच्या वाटेवर. एका स्वयंपाकघरात दोन सासवा आणून ठेवल्यात तुम्ही. एक मेल्याशिवाय हे थांबत नाही. परत करा आणि त्यांच्याकडचं सगळ्यात बारकं पिल्लू आणा, इंच-सव्वा इंचाचं. ते खाली मान घालतं, म्हणून वाचतं.

नुसता_वाचक

म्हणजे आईंनी स्थळ बघितलं आणि मुलगा की मुलगी तेच चुकलं! :)

पाणकावळा

बादलीरावांशी नव्वद टक्के सहमत. माझ्याकडे दोन सारख्या मापाचे टोपलीत तीन आठवडे ठेवून जमले होते. पण ते दोघंही दीड इंचाच्या आतले होते, कोणीच काही ठरवलेलं नव्हतं. नवीन टाकीला म्हणूनच दोन लहान पिल्लं एकदम सोडणं सगळ्यात सोपं. दोघं आपसात ठरवतात, जरा ढकलाढकली होते आणि सहा महिन्यांत एक दुसऱ्याच्या पुढे जातो. तिसरा मात्र घेऊ नका. जोडी जमली की तिसऱ्याचा जीव जातो.

दुकानात "जोडी" म्हणून विकतात त्यावर विश्वास ठेवण्याआधी दहा मिनिटं काचेसमोर उभ्या राहा. एक स्पष्ट मोठा, एक लहान, आणि मोठा जवळ आला की लहान कलून थरथरतो, ती जोडी. एका टाकीत पोहणारे दोन सारखे मासे म्हणजे फक्त दोन मासे.

खाजणकाठ

सगळे लग्न जमवताय, पण नवीन मासा दुकानातून थेट टाकीत सोडला हे कोणालाच खटकलं नाही? क्लाउनना ब्रुकलिनेला (कातडीवर आणि कल्ल्यांवर वाढणारा सूक्ष्म परजीवी) फार लागतो. अंगावर पांढरट चिकट थर, जोरात चालणारे कल्ले, खाणं बंद, आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. समुद्रातून पकडून आणलेल्यांत जास्त. म्हणून टाकीत पैदास केलेलाच मागा. तो गोळी खातो, माणसाला बुजत नाही. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनची पैदास केलेली आहे, त्यामुळे पकडलेलाच घ्यावा असं काही राहिलेलं नाही. आणला की चार आठवडे वेगळ्या टाकीत. वीस लिटरची साधी टाकी, हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो.

अ‍ॅनिमोननं भांडण मिटत नाही, उलट भांडायला घर मिळतं. पाळलेल्या क्लाउनला त्याची गरजही नाही. माझी जोडी वर्षभर फिल्टरच्या नळीला चिकटून झोपत होती. त्याला जोरदार दिवा आणि मुरलेलं पाणी लागतं, नाहीतर एक दिवस पॉवरहेडमध्ये जाऊन त्याचा मिक्सर होतो आणि टाकी नासते. मरून तर अजिबात नको, क्लाउनमधला सगळ्यात खुनशी. आणि कोणी "आपल्याकडचंच आहे" म्हणून जिवंत दगडी पोवळं देऊ केलं तर हात जोडा. वन्यजीव कायद्यात ते पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्यांत आहे.

जाता जाता, बॅटरीवर चालणारा एअर पंप आजच घ्या. मे महिना पुन्हा येणार आहे.

धागाकर्ती

नऊ आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

मोठा मासा दुकानदारानं अर्ध्या किमतीत परत घेतला, तोंड वाकडं करून. तीन आठवडे टाकीवर नजर ठेवली, कोणाच्या अंगावर काही उठलं नाही. मग दुसऱ्या दुकानातून पैदास केलेलं पिल्लू आणलं, जेमतेम इंचाचं, मधला पांढरा पट्टा अर्धवट. किचनच्या ओट्यावर चार आठवडे वेगळं ठेवलं. तोवर टाकीतले दगड हलवून मांडणी बदलली, म्हणजे जुन्या मालकाला आपली जागा सापडू नये. मग पाच दिवस टोपली. सहाव्या रात्री दिवे बंद करून सोडलं.

पहिले दोन दिवस धाकट्यानं (आता थोरली म्हणायची सवय करतेय) हाकललंच. पण जबड्याला जबडा नाही. ती अंगावर आली की पिल्लू एका कुशीवर कलतं आणि ताप भरल्यासारखं थरथरतं. ती दोनदा मान हलवते आणि निघून जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मेलं, मी जाळी घेऊन धावले. पाणकावळ्यांचा प्रतिसाद आठवला म्हणून थांबले.

आईला अजून पटलेलं नाही. "आधी तो होता, आता ती झाली, आणि हे बारकं नवरा?" रोज एकदा विचारते आणि रोज हसते.

काल रात्री टॉर्च मारून बघितलं. दोघं पॉवरहेडच्या मागच्या कोपऱ्यात होती, पूर्वी थोरली आणि धाकटा झोपायचे तिथेच. पिल्लू अजून वीतभर अंतर ठेवून आहे.