रि: रि: रि: शनिवारची प्रकाश-कार्यशाळा, पडदे लावायचे की नाही??

शुभदा:
मंडळी, चार दिवस उरलेत आणि आपलं अजून पडद्यांवरच अडलंय. मकरंदला हॉल ठार काळोखा हवाय, काळा कागद गाडीत तयार आहे म्हणे. वैशाली म्हणते तसं असेल तर तिचा मुलगा येणार नाही. २३ नावं आलीत, त्यात एक मुलगी व्हीलचेअरवर आहे आणि एका मुलाला अजिबात दिसत नाही. मला वेगवेगळे फोन करू नका, इथेच बोला. आणि फुग्यांचं प्रकरण परत उकरून काढू नका प्लीज.

मकरंद:
फुग्यांचं मी काढतच नाहीये, तूच काढलंस. मुद्दा एवढाच की उजेडात प्रिझमचा पट्टा भिंतीवर नीट येत नाही, फिकट डाग पडतो, मुलं "हो हो दिसला" म्हणतात आणि कुणाला काही दिसलेलं नसतं. पाण्याच्या धारेत लेझर अडकवून वळवायचा तोही उजेडात फुकट जातो. वैशाली, तुझ्या मुलाला अगदी पुढे बसवू ना.

वैशाली:
पुढे बसवून काय होणार रे? तो ओठ वाचतो आणि खुणा बघतो. दिवा गेला की त्याचा आवाज गेला. एकदा तारांगणात नेलं होतं, पाऊण तास डोक्यावर ठिपके, मध्येच सगळी पोरं एकदम हसली. ती का हसली हे त्याने मला घरी आल्यावर विचारलं. मला तरी कुठे आठवत होतं.

अरविंदकाका:
तारीखच मुळात चुकली आहे. २८ फेब्रुवारीला ठेवायला हवं होतं, रामन यांनी १९२८ साली त्याच दिवशी शोध लावला आणि १९३० ला नोबेल. मी हे समितीच्या मीटिंगमध्ये बोललो होतो, मिनिट्समध्ये आलं नाही.

संजय:
काका, मग १६ मे का नको? १९६० साली त्या दिवशी मायमनने पहिला लेझर चालवला, म्हणूनच आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन त्या तारखेला असतो. मिनिट्स मी लिहितो, जे ठरतं ते लिहितो.

नंदिनी:
तारखेचं नंतर भांडा. अख्खा हॉल काळा कशाला करायचा, अंधार खोक्यात करा की! बुटाचं खोकं घ्या, एका बाजूला दोन ब्लेड जेमतेम केसभर अंतरावर चिकटवून फट करायची (ब्लेड मोठ्यांनीच लावा), समोरच्या टोकाला सीडीचा तुकडा तिरका बसवायचा आणि वर डोळा लावायला भोक. सीडीवरच्या रेघा १.६ मायक्रॉनवर असतात, म्हणजे मिलिमीटरला सव्वासहाशे, पट्टा पडायला भरपूर झाल्या. साध्या ट्यूबमध्ये सुट्या सुट्या रेघा दिसतात, पांढऱ्या एलईडीत निळा ठळक, मग जरा खड्डा, मग पिवळ्याकडे पसरलेला उजेड. हे सगळं दिवे चालू ठेवून! फक्त सूर्याकडे रोखायचं नाही, हे दहा वेळा बजावायचं.

आणि "कुठला रंग दिसतो" असं विचारू नका. माझ्या धाकट्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, शाळेत तानापिहिनिपाजा तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि चित्रात रंग उलटे भरले म्हणून पूर्ण पानावर काट. पट्टा कुठे संपतो, सगळ्यात उजळ कुठे, मध्ये फट आहे का, असं विचारा. ते त्यालाही सांगता येतं, तेही बाकीच्यांपेक्षा बारकाईने.

मकरंद:
खोक्यात एका वेळी एकच डोळा. सगळ्यांनी मिळून भिंतीवर बघायची मजा वेगळी, ती खोक्यात नाही. आणि ज्याला दिसतच नाही त्याला खोक्याचा काय उपयोग ते सांग.

नंदिनी:
त्याला सोलर सेल. जुन्या कॅल्क्युलेटरमधला नको, तळहाताएवढा घे, त्याच्या दोन वायरी ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकरच्या केबलला जोड. स्थिर उजेडात गप्प बसतो. टॉर्चसमोर कंगवा फिरवला की खर्रर्र. विजेवरच्या जुन्या बल्बसमोर धरला तर गुणगुणतो, कारण बल्ब सेकंदाला १०० वेळा (वीज ६० हर्ट्झची असेल तर १२०) किंचित मंद-प्रखर होत असतो, आपल्या डोळ्याला पत्ताच नाही. आणि टीव्हीचा रिमोट दाबला की टर्र टर्र! तो इन्फ्रारेड असतो, डोळस पोरांना काही दिसत नाही, हा मात्र सांगणार "आत्ता दाबलं". तिथे सगळे सारखेच आंधळे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८० साली प्रकाशावरून आवाज पाठवला होता दोनशेहून जास्त मीटर, तीच गंमत. वैशालीच्या मुलाने स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवलं तर त्यालाही थरथर लागेल.

शुभदा:
हे मस्त आहे. स्पीकर कुणाकडे आहे?

संजय:
मंडळाचा आहे, कपाटात. पण कपाट सांस्कृतिक समितीकडे, परवानगी लागते.

अरविंदकाका:
परवानगी मीच देतो, मला कुणी विचारलेलं नाही.

वैशाली:
काका, विचारते, स्पीकर द्या. मकरंद, लेझर ठेवणार असशील तर उंची बघ. आपल्या टेबलाचा वरचा भाग आपल्या कमरेशी येतो, व्हीलचेअरवरच्या मुलीच्या डोळ्यांसमोर. आणि पाण्यावरून परत येणारा उडता ठिपका कुठे जातो ते तर कुणीच बघत नाही.

मकरंद:
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. एक मिलिवॅटच्या आतलाच आहे, तरी धार जमिनीजवळ बादलीत सोडतो, लेझर खाली रोखलेला आणि टेपने पक्का, मागे काळा कागद. पण भिंतीवरचा पट्टा मी सोडणार नाही, दोन मिनिटं दिवे बंद करू द्या.

वैशाली:
दोन मिनिटं चालतील. पण आधी उजेडात सगळं सांगून टाका, काय बघायचं, किती वेळ, आणि दिवा कधी लागणार. अंधारात तोंड उघडू नका, तुम्ही बोललात तर तो तेवढ्याला मुकेल. दिवा घालवायच्या आधी त्याच्या समोर येऊन हात दाखवा, मागून खांद्याला हात नको, दचकतो.

मकरंद:
अंधारात मी गप्प? शुभदा, हे लिहून ठेव.

शुभदा:
लिहिलं. रिमोट कोण आणतंय? बॅटरीसकट सांगा, मागच्या वेळी नुसताच आला होता.