लाल क्रेफिशची शेपटी दुधी: मायक्रोस्पोरिडिया कसा ओळखावा?

सातपूर_टँक: ९० लिटरचा टँक, ३ लाल क्रेफिश (प्रोकॅम्बारस क्लार्की). अमोनिया, नायट्राइट शून्य. एकाची शेपटी खालच्या बाजूने हळूहळू दुधी होत गेली. उताणा केला तर पटकन पालथा होत नाही. हा मायक्रोस्पोरिडिया (पेशींच्या आत वाढणारा, बुरशीचा नातलग असलेला सूक्ष्म परजीवी) असेल का? औषध काय? उरलेले दोन गंगापूरच्या कालव्यात सोडले तर चालतील का?

काचपट्टी: कालव्यात अजिबात नको. कालवा असो की नाला, परक्या प्राण्यासोबत त्याचे परजीवीही पाण्यात उतरतात. ब्रिटनमध्ये 'डिकेरोगॅमरस हेमोबाफेस' या परक्या कवचधारी प्राण्याबरोबर 'कुकुमिस्पोरा ऑर्नाटा' हा मायक्रोस्पोरिडियन आला आणि तो तिथल्या मूळच्या 'गॅमरस पुलेक्स' या कवचधारी प्राण्यालाही लागतो. आपल्याकडे गोदावरीच्या खालच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, हे डोक्यात ठेवा.

आता ओळख. नुसत्या पांढरेपणावर जाऊ नका. वाहतुकीचा ताण, ऑक्सिजनची कमतरता किंवा तापमानाचा झटका बसला तरी स्नायू पांढरा पडतो, पण तो बहुधा एकाएकी आणि ठिपक्याठिपक्यांनी. मायक्रोस्पोरिडियात दुधी रंग सावकाश पसरतो. खात्री मायक्रोस्कोपखालीच होते.

प्राणी मेल्यावर तासाभरात शेपटीच्या खालच्या बाजूचा पातळ पडदा चिरून तांदळाच्या दाण्याएवढा स्नायू घ्या. स्लाइडवर ०.८५ टक्के सलाइनचा एक थेंब टाका, वरून कव्हरस्लिप दाबा. आधी ४०० पट, मग इमर्शन तेल (मायक्रोस्कोपचं खास तेल) लावून १००० पट. लागण असेल तर स्नायूच्या तंतूंमध्ये २ ते ५ मायक्रॉनचे, एकसारखे, चकाकणारे अंडाकृती बीजाणू खच्चून भरलेले दिसतात, बऱ्याचदा एका टोकाला फिकट पोकळीसह. थेलोहानिया या मायक्रोस्पोरिडियाच्या गटात आठ-आठचे पुंजकेही दिसतात. कळ्या फुटताना दिसल्या तर ते यीस्ट. नमुना शिळा झाला की कुजवणारे जिवाणू गर्दी करतात आणि तिथेच घोळ होतो.

पेशी_पाहणारा: पीसीआर (डीएनएवरून परजीवी ओळखण्याची चाचणी) करायचा असेल तर तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव. फॉर्मेलिन नको, डीएनए तुटतो. ऊतींच्या छेदासाठी वेगळा तुकडा डेव्हिडसन द्रावात (ऊती टिकवणारं द्रावण) २४ तास, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. बीजाणूच्या भिंतीत कायटिन असतं, त्यामुळे कॅल्कोफ्लोर रंग लावून अतिनील प्रकाशात ते स्पष्ट चमकतात.

सातपूर_टँक: आणि उपचार?

काचपट्टी: खात्रीचा एकही नाही. दुकानातली 'परजीवी औषधं' टाकून पाणी बिघडवू नका. आजारी प्राणी आजच वेगळा करा, कारण मेलेल्याला दुसऱ्याने खाणं हीच लागण होण्याची सर्वांत मोठी वाट. उरलेले दोघेही एकमेकांपासून वेगळे ठेवा. लक्षणं उमटायला महिने लागू शकतात, तेव्हा आठवडाभर ठणठणीत दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. बाजारातली कच्ची कोळंबी खायला घालणंही थांबवा. मेलेला प्राणी १० मिनिटं उकळून मगच कचऱ्यात, नाल्यात नाही.

टँक रिकामा करायचा ठरला तर आधी गाळ काढा. गाळ असला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, लिटरमागे ४ मिली, म्हणजे सुमारे २०० पीपीएम (दशलक्ष भागांत २०० भाग) क्लोरीन, २४ तास. पाणी ओतण्याआधी थायोसल्फेटने क्लोरीन मारा. स्पंज, लाकूड आणि सच्छिद्र दगड टाकूनच द्या, त्यांच्या आतवर ब्लीच पोहोचत नाही. जाळी आणि पाइप दर टँकला वेगळे.