टीओएफ एमआरएवर डावा सिग्मॉइड सायनस उजळलाय: फिस्टुला की उलटा प्रवाह?

प्रश्न
वय ६२, बाई, डोकेदुखीसाठी तपासणी. थ्रीडी टीओएफवर (स्लॅबमध्ये, म्हणजे स्कॅनच्या जाड थरात, ताजं शिरणारं रक्त उजळ दाखवणारी एमआरए, म्हणजे रक्तवाहिन्यांची एमआरआय) डाव्या ज्युग्युलर शिरेपासून (मानेतली मोठी शीर) सिग्मॉइड सायनसपर्यंत (तिच्यात रिकामी होणारी कवटीतली मोठी शीर-वाहिनी) सिग्नल आहे, उजवीकडे काहीच नाही. सॅच्युरेशन बँड (त्यातून जाणाऱ्या रक्ताचा सिग्नल दाबणारा पट्टा) स्लॅबच्या वर, जागेवर आहे. कानात धडधड नाही, टी२ (एमआरआयचा एक नेहमीचा प्रकार) स्वच्छ. ड्युरल फिस्टुला (मेंदूच्या आवरणात धमनी आणि शीर यांची थेट, असामान्य जोडणी) धरून डीएसए (कॅथेटर घालून केलेली रक्तवाहिन्यांची एक्स-रे तपासणी) सुचवावी का?

उत्तर १
इतक्यावर नको. बँड फक्त वरून खाली येणारं रक्त दाबतो. शिरेतलं रक्त उलटं वर चढत असेल, तर ते धमनीसारखंच ताजं स्लॅबमध्ये शिरतं आणि उजळ दिसतं. हे जवळपास नेहमी डावीकडेच सापडतं, कारण डावी ब्रॅकिओसेफॅलिक शीर (मान आणि हाताचं रक्त हृदयाकडे नेणारी छातीतली शीर) लांब आणि आडवी असते आणि उताण्या स्थितीत उरोस्थी व महाधमनीच्या फांद्यांमध्ये चेपली जाते. मानेचा डॉप्लर आधी उताणं, मग बसवून आणि खोल श्वास रोखून करा. प्रवाहाची दिशा सुलटी झाली, तर उत्तर बरंचसं मिळालं. डाव्या हातात डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी मुद्दाम केलेली धमनी-शिरेची जोडणी) आहे का, हे मात्र जरूर विचारा; त्यानेही रक्त उलटं चढू शकतं.

उत्तर २
सहमत, पण एमआयपीवर (सगळे काप एकत्र करून बनवलेलं चित्र) निकाल देऊ नका, सोर्स इमेज (मूळ एकेक काप) पाहा. उलट्या प्रवाहाचा सिग्नल एकसारखा असतो आणि वर जाताना विरत जातो. फिस्टुलात सायनसच्या भिंतीलगत ठिपके आणि वेड्यावाकड्या रेषा दिसतात, ऑक्सिपिटल धमनी (डोक्याच्या मागची) फुगलेली असते, मॅस्टॉइडच्या (कानामागच्या) हाडातून आत येणाऱ्या बारीक फांद्या सापडतात. एसडब्ल्यूआयवर (शिरा ठळक दाखवणारा एमआरआयचा प्रकार) मेंदूच्या पृष्ठावरच्या शिरा फुगलेल्या किंवा उजळ असतील, तर डीएसए टाळू नका, मग धडधड असो वा नसो.

एएसएलवर (रक्तालाच चुंबकीय खूण, म्हणजे लेबल, लावून प्रवाह दाखवणारी एमआरआय) सायनस उजळला म्हणजे फिस्टुलाच, असंही नाही. लेबलिंगची पातळी मानेत असते, त्यामुळे वर चढणारं शिरेतलं रक्तही तिथे लेबल होऊ शकतं.

शंका उरलीच तर टाइम-रिझॉल्व्हड एमआरए (कॉन्ट्रास्ट कधी कुठे पोहोचतं ते लागोपाठ चित्रांत दाखवणारी) करा, आणि कॉन्ट्रास्ट उजव्या हातातूनच द्या. डाव्या हातातून दिलं तर ते धमन्या भरण्याआधीच ज्युग्युलरमध्ये उलटं चढतं आणि घोळ आणखी वाढतो. फिस्टुलात सायनस धमनी-टप्प्यातच भरतो.

उत्तर ३
एक राहिलं: गुठळी. काही दिवस ते काही आठवडे जुन्या गुठळीतलं मेथहिमोग्लोबिन (हिमोग्लोबिनचं बदललेलं रूप) टी१वर (एमआरआयचा दुसरा नेहमीचा प्रकार) उजळ असतं, म्हणून टीओएफवर ते प्रवाहासारखं भासतं. साधा टी१ शेजारी ठेवून पाहा. फेज कॉन्ट्रास्टवर (रक्ताचा वेग आणि दिशा मोजणारी एमआरआय) गुठळीत सिग्नल येत नाही, उलट्या प्रवाहात येतो आणि दिशाही कळते. फक्त वेन्क (मोजता येणाऱ्या वेगाची ठरवलेली कमाल मर्यादा) प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी ठेवला, तर एलियासिंगमुळे (मर्यादेबाहेरचा वेग चुकीचा नोंदला जाण्यामुळे) सुलटा प्रवाहही उलटा दिसेल. शंका आली तर वेन्क वाढवून पुन्हा घ्या.

सोर्स इमेज, टी१ आणि एसडब्ल्यूआय स्वच्छ असतील, तर अहवालात "डाव्या ज्युग्युलर शिरेतील उलट्या प्रवाहाशी सुसंगत, फिस्टुलाची अन्य चिन्हे नाहीत, डॉप्लरने पडताळावे" इतकं लिहा. नुसतं "फिस्टुला नाकारता येत नाही" लिहिलं, तर रुग्ण विनाकारण कॅथेटरच्या टेबलावर जातो.