लास वेगासची झिपलाइन: फ्रीमाँटची का लिंकवाली? वजन १०८, मुलगा ११ वर्षांचा, आई पण सोबत

घोडबंदरचा_भिडू
नमस्कार मंडळी. बहीण अमेरिकेत फिनिक्सला असते, मेमध्ये तिच्याकडे चाललोय, मी बायको मुलगा आणि आई. तिथून तीन दिवस वेगासचा प्लॅन आहे. जुगार वगैरे काही नाही, आपल्याला तीन पत्ती पण दिवाळीत चणे लावून खेळायची सवय. पण मुलाने यूट्यूबवर बघितलं की तिकडे कॅसिनोंच्या गल्लीत नवीन झिपलाइन निघालीय, लोकांच्या डोक्यावरून तारेला लटकत, पालथं झोपून सुपरमॅनसारखं जातात, आणि तेव्हापासून डोकं खाल्लंय. आता शोधलं तर दोन ठिकाणं दिसतायत, एक फ्रीमाँट स्ट्रीट आणि एक लिंक हॉटेलजवळ. कुठली करावी? पैसे वसूल होतात का? आणि खरा प्रश्न, माझं वजन १०८ आहे, तिथं जाऊन सगळ्यांसमोर परत पाठवलं तर पोरगा आयुष्यभर ऐकवेल.

वाशी_सेक्टर१७
दोन्ही केल्यात, वेगवेगळ्या ट्रिपला. नवीन म्हणाल तर फ्रीमाँटची २०१४ ची आणि लिंकची २०१८ च्या शेवटाला सुरू झाली, यूट्यूबवाल्यांना रोजच सगळं नवीन असतं.
फ्रीमाँट म्हणजे जुनं डाउनटाउन. तिथे जुगाराच्या स्लॉट मशीनच्याच आकाराचा बारा मजली टॉवर उभा केलाय, फासे, दारूचा ग्लास, गुलाबी फ्लेमिंगो असलं सगळं अवाढव्य लावलेलं, भडकपणात आपल्या गणपतीच्या डेकोरेशनला मागे टाकतं. नाव स्लॉटझिला. त्यात दोन मजल्यांवरून दोन प्रकार. खालून सुटते ती बसून जायची, ७७ फुटांवरून, अंतर ८५० फूट. वरची झूमलाइन, ११४ फुटांवरून, पालथं झोपून, १७५० फूट. आपल्या भाषेत सांगायचं तर बारा डब्यांच्या दोन लोकल एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या होतील त्याहून थोडं जास्तच. रस्त्यावर जे छत आहे त्याच्या खालून जाता आणि संध्याकाळनंतर त्या अख्ख्या छतावर एलईडीचा शो चालतो, म्हणून दिवसा करू नका. दिवसा नुसतं पत्र्याच्या शेडखालून गेल्यासारखं वाटतं.
लिंकला दहा तारा शेजारीशेजारी, दहा जण एकदम सुटतात. साधारण ११२० फूट आणि समोर तो हाय रोलर, ५५० फुटी आकाशपाळणा. चौघं एकत्र जायचं असेल तर ही.
वजनाचं, दोन्हीकडे वरची मर्यादा ३०० पाउंड म्हणजे १३६ किलो. तुम्ही आरामात बसता. खालची मर्यादा पण असते, मुलाचं वजन बघून घ्या आणि मगच तिकीट काढा.

ऐरोलीकर
मला हा सगळा प्रकार म्हणजे पैसे हवेत उडवणं वाटतं, शब्दशः. मिनिटभर पण नाही पुरत, त्याआधी रांग, फॉर्मवर सह्या, हार्नेस, वजनकाटा. एवढ्यात आपल्याकडे डोंगरात, खाली दरी आणि हिरवंगार, तिथे करून या की.

कळव्याची_ताई
ऐरोलीकर, डोंगरातलं मलाही आवडतं पण आमचा अनुभव ऐका. लोणावळ्याच्या बाजूला एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही, लेक तेव्हा २६ किलोची. कोणी वजन विचारलं नाही काही नाही, दिलं सोडून. समोरून वारा, पोरगी तारेच्या मधोमध जाऊन थांबली आणि मागे येऊन लोंबकळत राहिली. मग एक पोरगा हातांनी तार ओढत ओढत गेला आणि तिला घेऊन आला. दहा मिनिटं मी इकडून "घाबरू नकोस" ओरडतेय आणि घाबरले मीच, ती मस्त खालच्या बकऱ्या मोजत होती.
तेव्हा आमच्या ह्यांनी समजावलं (इंजिनियर माणूस, कागदावर चित्र काढून). तार सरळ नसते, मध्ये झोळ असतो, म्हणजे शेवटचा भाग थोडा चढाचा होतो. जड माणसाला खाली ओढणारा जोर जास्त, वाऱ्याचा अडथळा त्या मानाने तेवढा वाढत नाही, म्हणून तो सुसाट जातो आणि पोहोचतो. हलकं मूल झोळातच अडकतं. आणि फार जड असला तर शेवटच्या ब्रेकवर जोरात आपटतो. म्हणून दोन्ही बाजूंनी मर्यादा. झोपून गेलं की वारा कमी अडतो, म्हणून तो प्रकार जास्त लांब जाऊ शकतो. तर जिथे काट्यावर उभं करतात तिथे लाजू नका, जिथे करत नाहीत तिथून परत फिरा.

घोडबंदरचा_भिडू
ताई, हे वाचून बायकोने स्वतःचं नाव काढून टाकलं 😄 आईचं काय करू? कॅसिनोत तिला आणि मुलाला घेऊन फिरू देतात का?

वाशी_सेक्टर१७
आईला अडचण नाही. २१ च्या खालच्यांना कॅसिनोच्या आतून चालत जाता येतं पण मशीनपाशी रेंगाळलं की गार्ड हटकतो. झिपलाइन दोन्हीकडे बाहेर रस्त्यावर आहे त्यामुळे तो प्रश्न नाही. मात्र फ्रीमाँटवर रात्री पिसं लावलेल्या, बाकी फारसं काही न घातलेल्या बायका फोटोसाठी उभ्या असतात, रस्त्यावर गोल आखून दिलेत त्यात. फोटो काढला की पैसे मागतात. आईंना आधीच सांगून ठेवा. आणि मेमध्ये दुपारी ऊन असं असतं की आपला घाम बरा वाटेल, घाम यायच्या आधीच सुकतो.
स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनो हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, राहत असाल तर ड्यूस बस थेट डाउनटाउनला जाते, टॅक्सी नको.

ऐरोलीकर
अवांतर, आपल्या महाराष्ट्रात पण १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता, कधी लागूच झाला नाही आणि २०२३ ला रद्द केला. नाहीतर आज ठाण्याच्या तलावपाळीवर झिपलाइन असती आणि खाली भेळवाल्याची टोपी उडाली असती.

कळव्याची_ताई
तलावपाळीवर आधी पार्किंग मिळू दे.

घोडबंदरचा_भिडू
ठरलं मग. फ्रीमाँट, संध्याकाळी, मी आणि मुलगा, झोपून. आई म्हणतेय मी पण बसून जाणार, मला कोणी विचारलंच नाही. आणि आज घरचा काटा काढला, ११२ दाखवतोय. मामलेदारची मिसळ मे महिन्यापर्यंत बंद.

वाशी_सेक्टर१७
अहो मर्यादा १३६ आहे, खा की बिनधास्त. पण एक्स्ट्रा पाव नको.