घरात चार मांजरं, चार तऱ्हेची पथ्यं: खान्देशातले अनुभव लिहा

जळगाव (सुरुवात माझ्यापासून)

एकच मांजर असलं की पथ्य सांभाळणं फारसं जड जात नाही. डॉक्टर सांगतील ते वाटीत घालायचं, बाकीचं बंद करायचं. तीन-चार मांजरं असली की मात्र एकाच्या पथ्यावर सगळ्या घराचं वेळापत्रक ठरतं. पथ्याचं खाणं विकत आणलं म्हणजे निम्मं कामसुद्धा झालेलं नसतं. ते ज्याचं त्याच्याच पोटात गेलं पाहिजे, आणि शेजारच्या वाटीतलं जाता कामा नये. दवाखान्यात हे कोणी समजावून सांगत नाही, कारण तिथे एका वेळी एकच मांजर टेबलावर असतं. म्हणून आपण आपसात बोलावं असं वाटलं.

माझ्याकडे चौघं आहेत. थोरली मनी चौदा वर्षांची, तिची किडनी कमजोर झालीय. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, सातत्याने १.६ च्या वर राहिलं की डॉक्टर आजाराची दुसरी पायरी धरतात. मनीचं २ च्या पुढे आहे. तिच्या खाण्यात फॉस्फरस कमी हवा, प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची हवीत आणि पोटात पाणी भरपूर जायला हवं. बाकी दोन तरुण बोके आणि एक वाढीचं पिल्लू. पिल्लाचं खाणं नेमकं उलट, प्रथिनंही जास्त आणि फॉस्फरसही जास्त. आणि मनीचा जीव त्याच डब्यात अडकलेला, कारण तिच्या खाण्याला वास कमी आणि भूकही मंदावलेली.

दिवसभर भरलेली वाटी ठेवणं आम्ही पूर्ण बंद केलं. ठरल्या वेळी खाणं, आणि खाऊन झालं की वाट्या उचलायच्या. मनी आतल्या खोलीत, दार लावून. तिची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात टेकवून खाणं कोमट करते. वास सुटला की ती मान खाली घालते. दोन घास खाते, पंजा चाटत बसते, मग पुन्हा वळते. तिला अर्धा तास लागतो आणि तो द्यावाच लागतो. बोके पाच मिनिटांत वाटी चाटून दाराशी येऊन बसतात. दार उघडायचं नाही, एवढाच नियम घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

तुमच्याकडे कोणाचं काय पथ्य आहे, कोणाला कुठे बसवता, उन्हाळ्यात काय करता, घरच्या मोठ्यांना कसं पटवलं, सगळं लिहा. एक मात्र कळकळीने सांगते: बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवीचा थेंब पडत नाही, असं दिसलं तर इथे विचारत बसू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा.

भुसावळ

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावरूनच लिहायला घेतलं. आमच्या बोक्याचं नेमकं तेच झालं होतं. नराची मूत्रनळी अरुंद, त्यात बारीक खडे अडकले की लघवी तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालून मोकळं केलं, मग तपासणीत स्ट्रुव्हाइट निघाले. हे खडे मॅग्नेशियम आणि फॉस्फेटचे असतात आणि लघवी आम्ल ठेवणाऱ्या खाण्याने विरघळतात. दुसरा प्रकार कॅल्शियम ऑक्झलेटचा, तो खाण्याने विरघळत नाही. त्यामुळे खडा कोणता आहे हे विचारल्याशिवाय शेजाऱ्याने सांगितलेलं पाकीट आणू नका.

घरात दुसरा बोका आहे, धडधाकट आणि वयात आलेला. डॉक्टरांनी त्याचेही रिपोर्ट बघून सांगितलं की दोघांना एकच खाणं चालेल. खर्च वाढला, पण वाट्यांची राखण संपली. पण ज्यांच्याकडे पिल्लू किंवा किडनीचं मांजर आहे त्यांनी ही वाट धरू नये, त्यांना ते खाणं चालत नाही.

पाण्याचं आमच्या गावात जास्तच महत्त्व. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. आम्ही पसरट मातीची परळं घराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवतो, खाण्याच्या जागेपासून लांब. मिशा कडेला घासल्या की मांजर पाणी अर्धवट सोडतं, म्हणून परळ रुंद तोंडाचं. दिवसातून दोनदा बदलतो. शिवाय पाऊचमधल्या खाण्यात चमचाभर कोमट पाणी घालतोच.

धुळे तालुका

आमचं धाब्याचं घर. दार लावायचं म्हटलं तरी खोल्याच दोन, आणि मांजरं पाच. पिल्लाचं खाणं दोन मोठ्या मांजरी फस्त करायच्या. त्या सुटत चालल्या होत्या आणि पिल्लाच्या बरगड्या हाताला लागत होत्या.

तोड आजीने काढली. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं पडून होतं. तिने ते उपडं घातलं, एका बाजूच्या दोन कामट्या काढून पिल्लू जाईल एवढीच फट केली आणि वाटी बरोबर मधोमध ठेवली, कडेपासून हातभर आत. वर दगड. मोठ्या मांजरींनी पंजे घालून पाहिले, डोकं घालून पाहिलं, डाल्याभोवती फेऱ्या मारल्या. आत पिल्लू शांतपणे खात होतं. आजी म्हणाली, "आते खाऊ दे त्याले." पिल्लू वाढेल तशी फट पुरेनाशी होईल, पण तोवर त्याचं पिल्लाचं खाणंही संपत आलेलं असेल. साधारण वर्षापर्यंतच ते द्यायचं असतं. मांजराच्या अंगातली चिप वाचून आपोआप उघडणारी वाटी मिळते असं ऐकलंय. ज्यांना जमेल त्यांनी जरूर घ्यावी. आमच्याकडे डालं आहे.

अमळनेर

आमचं घर माळकरी. अंडंसुद्धा येत नाही. मांजरं पहिल्यापासून दूध-भाकरीवर, आणि सगळ्यांना वाटायचं की तेच त्यांचं अन्न. मी लग्न होऊन आले तेव्हा एक मांजर जुलाबाने कायम हैराण आणि दुसरीची नजर मंद झालेली. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. आणि टॉरिन नावाचा घटक मांजराला मांस-मासळीतूनच मिळतो, स्वतःच्या शरीरात ते पुरेसा बनवू शकत नाही. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगतं. हृदयाचा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिला, त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यातलं टॉरिन वाढवलं. कुत्र्याचं खाणं मांजराला पुरत नाही त्यामागचं एक कारण हेच.

सासूबाईंशी वाद घातला नाही. डॉक्टरांचं म्हणणं त्यांना स्वतःला ऐकवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मुक्या जिवाला आपल्या नियमाने का मारायचं? पण माझ्या ओट्यावर नको." तेव्हापासून मांजरांचा संसार मागच्या पडवीत. त्यांचं कपाट वेगळं, वाट्या वेगळ्या, घासणी वेगळी, धुणं बाहेरच्या नळावर. हा मान ठेवला म्हणून ही सोय टिकली, असं मी मनापासून मानते.

आता त्यातल्याच एकीला खाण्याची ॲलर्जी निघाली. मान खाजवून खाजवून रक्त काढायची. निदान आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं, प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे करून बनवलेलं. दुसरा कणही चालत नाही, नाहीतर कशाने खाज येते ते कळतच नाही. घरात जमलं, पण ती भिंतीवरून गल्लीत जायची आणि गल्लीत तिला प्रेमाने बिस्किट, दूध, कधी शेव देणारी चार घरं. मी त्या चारही घरी जाऊन सांगून आले. तिच्या गळ्यात लाल फीत बांधली, ओढली की सुटणारी. पोरांनाच राखणीला लावलं: लाल फीतवालीला कोणी काही द्यायचं नाही. पोरांनी ते इतकं मनावर घेतलं की मोठ्यांनाही अडवलं. मानेवर आता केस आलेत.

नवापूर

आमच्याकडे पोल्ट्र्या पुष्कळ, त्यामुळे कोंबडीचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याच गावी सापडला होता, ते दिवस अजून आठवतात. मांजरांनाही तो होतो. म्हणून कच्चं कधीच नाही. बिनमिठाचं उकडायचं, हाडं काढायची, कांदा-लसणाचा हात लागू द्यायचा नाही. आपला काळा मसाला तर लांबच. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, भाजीचा रस्सासुद्धा बाधतो. आणि नुसतं उकडलेलं चिकन म्हणजे पूर्ण जेवण नव्हे; पथ्याच्या मांजराला तर डॉक्टरांना विचारूनच.

शहादा

आमच्या राजाला मधुमेह. दुसऱ्या दोघी ठीक. बारा-बारा तासांनी इन्सुलिन, आणि त्याच वेळी खाणं. राजाचं खाणं जास्त प्रथिनांचं, पिष्ट कमी. मांजरींच्या कोरड्या दाण्यांत पिष्ट बरंच असतं. मूठभर जरी गेले तरी त्याची साखर चढते. म्हणून मांजरींनाही आम्ही हळूहळू ओल्या खाण्यावर आणलं. हळूहळू म्हणजे आठवडा-दहा दिवस, जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत. एकदम बदललं की मांजर तोंड फिरवतं किंवा पोट बिघडतं.

दोन गोष्टी जरूर लक्षात ठेवा. शिशीवर ४० युनिट लिहिलं असेल तर सिरिंजही ४० चीच लागते, लाल टोपणाची. १०० ची नारिंगी टोपणाची चुकून घेतली तर मात्रा पार चुकते. आणि मांजर जेवलं नाही तर नेहमीची मात्रा तशीच टोचायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. म्हणूनच तो किती जेवला हे नक्की कळायला हवं, आणि तिघांची एकत्र वाटी असेल तर ते कसं कळणार? वीज गेली आणि बराच वेळ आली नाही तर शिशी पिशवीत घालून माठाच्या गारव्यात ठेवतो. लवकर पथ्यावर आणलं तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतं, असं डॉक्टर म्हणाले. राजाची मात्रा कमी झालीय. आम्ही आशा धरून आहोत.

चोपडा

माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे वजनकाटा हाताशी. नसबंदीनंतर सोनी सहा किलोवर गेली आणि तिचा भाऊ हडकुळा. उपाशी ठेवणं हा उपाय नाही, हे आधी सांगतो. जाड मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. आठवड्याला वजनाचा अर्धा ते एक टक्का उतरला की पुरे, म्हणजे सोनीसाठी ३० ते ६० ग्रॅम. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, काट्यालाच दिसतो. रविवारी दुकान उघडायच्या आधी टोपलीत बसवून मोजतो आणि वहीत लिहितो.

दाणे वाटीच्या मापाने देऊ नका, ग्रॅमवर मोजा. वाटी जराशी शिगोशिग भरली की सगळा हिशोब कोलमडतो. भावाचं खाणं उंच फळीवर, जिथे सोनीला उडी मारता येत नाही. आता वजन उतरलं तसं तिला ती फळी गाठता यायला लागली, म्हणून फळी अजून वर नेली.

जळगाव

चोपड्याच्या भाऊंचं वाचून आजच बारीक वजनाचा काटा मागवला. म्हाताऱ्या मांजराचं उतरणारं वजनही असंच नजरेतून निसटतं. मनीची नोंद आता दर आठवड्याला ठेवणार. धुळ्याच्या आजींना माझा नमस्कार सांगा.

रावेर

लग्नसराईत घर सोडून जावं लागतं, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शेजारच्या काकूंना किल्ली देतो. प्रत्येक डब्यावर त्या त्या मांजराचा फोटो चिकटवलाय, कारण दोन काळी मांजरं बाहेरच्या माणसाला सारखीच दिसतात. रोजचा घास आधीच मोजून छोट्या डब्यांत. कोण कुठे जेवतं ते खोलीच्या दारावरच लिहिलेलं. उन्हाळ्यात ओलं खाणं तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू द्यायचं नाही, उरलं तर टाकून द्यायचं, हे काकूंना दोनदा सांगते. त्यांना अन्न टाकवत नाही. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या ताटलीत. पथ्याचं खाणं आमच्याकडे कुरिअरने येतं आणि कधी अडकतं, म्हणून पाकीट निम्मं झालं की पुढचं मागवते. फ्रिजवर डॉक्टरांचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत: एखाद्या मांजरानेही दिवसभर खाण्याला तोंड लावलं नाही तर मला रात्री-अपरात्री फोन करा.